फायास पहिल्यांदा बघणाऱ्याला

स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला मार्चमध्ये फायास उत्सव बघायला जातोयस ना, मग मास्कलेता, म्हणजे तिथली दिवसाढवळ्या होणारी आतषबाजी, चुकवू नकोस. १ ते १९ मार्च, रोज दुपारी २ वाजता, नगरपालिकेसमोरच्या चौकात. भर उन्हात फटाके का उडवतात, असं विचारू नकोस; मामला सगळा आवाजाचा. दिसतो तो धूर. दोरीला ओळीने टांगलेले मास्कलेत, म्हणजे मोठ्या आवाजाचे फटाके, सुरुवातीला सुटे सुटे फुटतात, मग लय चढत जाते आणि शेवटच्या काही सेकंदांत जमिनीवरून असा गडगडाट होतो की बरगड्या थरथरतात. पाच-सात मिनिटांत खेळ खलास, आणि लोक टाळ्या वाजवतात, एखाद्या गाण्याच्या मैफिलीला द्यावी तशी दाद! आतषबाजी करणाऱ्याच्या कामाची रोज चिकित्साही होते, हे विशेष.

तासभर आधी पोच. शेवटच्या चार दिवसांत त्याहून आधी. तिथले लोक तोंड उघडं ठेवायला सांगतात. ठेव, पण इअरप्लगही घाल, उगाच मर्दुमकी नको. लहान मूल सोबत असेल तर गल्लीच्या टोकालाच थांब.

नायलॉनचे कपडे आणि उघड्या चपला टाळ, कारण रस्त्यावर पोरं पायाशीच फटाके टाकतात. मुक्काम मध्यवस्तीत घेतलास तर सकाळी आठलाच 'देस्पेर्ता'चा बँड आणि फटाके उठवतील. झोप प्रिय असेल तर खोली लांब, मेट्रोजवळ बघ. १९ च्या रात्री मात्र उत्सवासाठी उभारलेले पुतळे जाळतात, तेव्हा जागाच राहा.