फायब्रॉइड (गर्भाशयाच्या स्नायूतली गाठ) आणि हार्मोन्स: तुमचे प्रश्न

प्रश्न: रक्तातलं इस्ट्रोजेन नॉर्मल आलंय, मग गाठ वाढतेय कशी?

कारण गाठ रक्तावरच अवलंबून नसते. फायब्रॉइडच्या पेशींत अरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं, ते तिथल्या तिथे इस्ट्रोजेन बनवतं, म्हणजे गाठीची चूलच वेगळी म्हणा ना, आणि ते पकडणारे रिसेप्टरही तिच्यात बाजूच्या स्नायूपेक्षा जास्त असतात. पण सगळं खापर एकट्या इस्ट्रोजेनवर फोडू नका, ते प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनचे रिसेप्टर वाढवतं आणि मग प्रोजेस्टेरॉन गाठ वाढवतं, दोघांची मिलीभगत आहे. म्हणून मी गाठीसाठी ही टेस्ट सहसा सांगतच नाही.

प्रश्न: ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन घेतलं तर उलट ब्लीडिंग वाढलं, असं का?

सुरुवातीला हे औषध हार्मोन्स थोडे दिवस वर ढकलतं आणि मगच बंद पाडतं, त्यामुळे असं होऊ शकतं. पण पॅडमागून पॅड भिजत असतील, चक्कर येत असेल तर वाट बघू नका, लगेच दाखवा. पुढे साधारण 3 महिन्यांत गाठ बऱ्यापैकी आक्रसते, पाळी थांबते, हिमोग्लोबिन भरून काढायला वेळ मिळतो, म्हणूनच ऑपरेशनच्या आधी देतात. बंद केलं की गाठ परत वाढते हे मात्र आधीच धरून चाला. आणि हाडं ठिसूळ होतात म्हणून नुसतं हेच 6 महिन्यांच्या वर देत नाहीत.

प्रश्न: रेलुगोलिक्सच्या गोळीत इस्ट्रोजेनच आहे! छापताना चुकलं का?

नाही हो 😄 मुद्दाम घातलंय. 40 मिलीग्रॅम रेलुगोलिक्स अंडाशयाला गप्प करतं, आणि 1 मिलीग्रॅम इस्ट्राडायोल (म्हणजे इस्ट्रोजेनच) नि थोडं प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं औषध) हाडं सांभाळायला, गरम वाफा कमी करायला. अमेरिकेत 2021 मध्ये हिला मंजुरी मिळाली, तीही जास्तीत जास्त 24 महिन्यांसाठी. पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल किंवा पस्तिशीनंतरही सिगारेट ओढत असाल तर ही तुमच्यासाठी नाही.

प्रश्न: हार्मोनवाल्या कॉपर-टीने गाठ विरघळेल?

तिच्यात कॉपर नसतंच, पण नाव पडलंय ते पडलंय. ब्लीडिंग छान कमी होतं, गाठ जाईल ही आशा ठेवू नका. गाठ पिशवीच्या आत घुसलेली असेल तर ही कॉपर-टी निसटून पडूही शकते.

प्रश्न: वय 49, पाळी थांबायची वाट बघू का?

त्रास झेपत असेल तर बघा की, पाळी गेल्यावर गाठी बहुधा आक्रसतात. त्यानंतरही वाढली किंवा ब्लीडिंग झालं तर मात्र तपासून घ्याच.