लग्नातली पैठणी घरी धुवावी की ड्रायक्लीनला द्यावी?

तुमच्या लग्नाला पंधरा दिवस झालेत. पैठणीच्या पदराला हळद लागली आहे, निऱ्यांवर जेवणातल्या तेलाचा डाग आहे. सासूबाई म्हणतात रिठ्याच्या पाण्यात घरीच धू, आई म्हणते ड्रायक्लीनला टाक, आणि तुम्ही विचारताय कुणाचं ऐकू.

पैठणी सबंध पाण्यात बुडवू नका, हे आधी सांगते. पण सासूबाईंचं म्हणणंही उडवून लावण्यासारखं नाही. रेशीम हे आपल्या केसांसारखं प्रथिन. धुण्याचा सोडा, कपड्यांची पावडर, ब्लीच यांनी ते खरखरीत आणि दुबळं होतं. त्या मानाने रिठा फार सौम्य. आपल्या आज्या एकरंगी रेशमी साड्या रिठ्यातच धुवायच्या. पैठणीची अडचण वेगळी आहे. पदरात चार-पाच रंगांचं रेशीम शेजारी शेजारी विणलेलं असतं. त्यातला एक रंग सुटला की मोराचा हिरवा जरीच्या जमिनीवर उतरलाच. शिवाय पाण्यात रेशीम आणि जरीची तार सारखी आटत नाहीत, म्हणून काठाला चुण्या पडतात. सुती फॉल आटला तर तोही काठ ओढून धरतो.

आता हळद. तिच्यावर साबण चुकूनही लावू नका. हळदीला चुना लावला की ती लाल होते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. साबणही खारच, त्यामुळे पिवळा डाग बघता बघता तांबडा होतो आणि घाबरून आपण आणखी चोळतो. लिंबाने तो पुन्हा पिवळा होतो खरा, पण लिंबू जरीला लागू देऊ नका. कोरडी हळद असेल तर मऊ ब्रशने झटका आणि थांबा. लग्नातली पिवळी अष्टपुत्री साडी सुती असेल तर ती मात्र बिनधास्त घरी धुवा आणि कडक उन्हात वाळवा. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, दोन-तीन उन्हांत बराच उडतो. हाच उपाय पैठणीवर करायचा मोह होईल, पण त्या उन्हात साडीचा रंगही विटेल आणि रेशीमही कमजोर होईल.

तेलाच्या डागावर आज रात्रीच टाल्कम पावडर जाड थरात टाका, खाली जुना सुती पंचा ठेवा, सकाळी हलक्या हाताने झटका. पाणी नको. उरलेलं तेल ड्रायक्लीनमध्ये चांगलं निघतं, कारण तिथे पाण्याऐवजी परक्लोरोइथिलीन किंवा पेट्रोलच्या जातीचं द्रावण वापरतात आणि तेल त्यात विरघळतं.

पण त्या द्रावणात साखर, घाम, मीठ विरघळत नाही, आणि मी फसले ती इथेच. माझा शालू लग्नानंतर आठवड्याभरात दुकानात दिला होता. घास भरवताना जिलेबीच्या पाकाचे दोन थेंब पडले होते, ते वाळल्यावर दिसत नव्हते, म्हणून मी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. शालू लखलखीत होऊन आला. पुढच्या दिवाळीला घडी उघडली तर त्याच जागी दोन तपकिरी ठिपके! साखर तशीच राहिली होती, इस्त्रीच्या उष्णतेने आणि दिवसांनी रंगली होती. ते ठिपके अजून आहेत. आजही तो शालू हातात घेतला की माझं बोट आधी तिथे जातं.

म्हणून देण्याआधी साडी दिवसाउजेडी पूर्ण उलगडा. प्रत्येक डागाशेजारी पांढऱ्या दोऱ्याचा एक सैल टाका घाला आणि हा हळदीचा, हा तेलाचा, इथे मठ्ठा सांडला होता, असं तोंडी सांगा. न दिसणारेसुद्धा सांगा. मेंदीचा डाग असेल तर तो निघेल अशी आशा धरू नका. मेंदी रेशमाला तशीच धरते जशी तळहाताला. ब्लाउजच्या काखेतला घाम वेगळा दाखवा, त्याने जर काळवंडते.

दुकान निवडताना पाटी बघू नका, प्रश्न विचारा. डाग आधी वेगळे हाताने काढता का? साडी इथेच धुता की बाहेर पाठवता? जरीवर ब्रश मारता का? इस्त्री करताना वर मलमल घालता का? नीट उत्तर देणारा माणूस शंभर-दोनशे रुपये जास्त घेत असेल तर द्या. नुसतं ‘होऊन जाईल, ताई’ म्हणणाऱ्याकडे साडी ठेवू नका. आणि मोराचा धागा ओढला गेला असेल तर कापू नका. नाशिक जिल्ह्यात पैठणी विणणारं येवला आहे, तिथल्या विणकराला दाखवा. हातमागावर बसणाऱ्याला तो धागा कुठून आला ते दिसतं.

काळी पडलेली जर चिंचेने किंवा दंतमंजनाने घासू नका. जुन्या जरीत चांदीच्या तारेवर सोन्याचा नुसता मुलामा असतो, तो घासून जातो. आता बऱ्याच साड्यांत खाली तांबं असतं, ते उघडं पडतं.

धुऊन आल्यावर दुकानाची प्लास्टिकची पिशवी लगेच काढा, साडी एक दिवस सावलीत वाऱ्यावर ठेवा, मग धुतलेल्या मलमलमध्ये गुंडाळा. अत्तर किंवा डांबरगोळी जरीला टेकू देऊ नका. दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या जागी घाला, नाहीतर जर घडीवरच तुटते. पावसाळा संपला की एकदा बाहेर काढाच. आत्ता ती लग्नातल्या पिशवीतच असेल तर आज रात्री उलगडून पलंगावर पसरा, बाकीचे डाग उद्या सकाळी बघा.