विद्यापीठात मानसिक आरोग्याची प्रशिक्षित माणसं घडवायला निधी कुठून मिळतो?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुमच्या विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाला क्लिनिकल सायकॉलॉजीचा अभ्यासक्रम सुरू करायचा आहे, कुलगुरू अनुकूल आहेत, "फक्त कुठल्या योजनेत बसवायचं एवढंच अडलंय". हे "एवढंच" वाचलं आणि दुपारची झोप सोडून लिहायला बसले. मी बावीस वर्षं एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकृतीशास्त्र विभागात क्लिनिकल सायकॉलॉजी शिकवली. गावाचं नाव सांगत नाही. ज्यांना ओळखायचंय ते आरशावरून ओळखतील.

आधी सरळ उत्तर. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, पण माणसं तयार करायला वेगळे पैसे त्यात आले ते २००९ मध्ये, दोन योजनांच्या रूपात. 'अ' योजनेत ११ उत्कृष्टता केंद्रं, प्रत्येकाला ३० कोटींपर्यंत. आपल्याकडची पुण्याची महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था त्यातलीच. हिशोब असा होता की एका केंद्रातून दरवर्षी ४ मनोविकारतज्ज्ञ, १६ क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, १६ सायकिॲट्रिक सोशल वर्कर आणि २० परिचारिका बाहेर पडतील. 'ब' योजना सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आणि रुग्णालयांतले पदव्युत्तर विभाग सुरू करायला किंवा वाढवायला, विभागामागे ५१ लाख ते १ कोटी. पुढे मंजूर केंद्रं २५ झाली आणि 'ब' मध्ये १९ संस्थांतले ४७ विभाग आले. तुमचा विभाग पारंपरिक विद्यापीठाचा, कला शाखेकडचा. तुमच्याकडे ना खाटा, ना बाह्यरुग्ण विभाग. म्हणजे यातलं काहीही तुम्हाला थेट लागू नाही. रुग्णालयाचा हात धरल्याशिवाय पुढचं पाऊल नाही. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, शिवाय वैद्यकीय महाविद्यालयं. ज्यांचा कॅम्पस जवळ आहे त्यांच्याशी आधी सामंजस्य करार करा, मग योजना शोधा.

आता आरशाबद्दल.

बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात आमच्या विभागाने 'ब' योजनेचा प्रस्ताव करायचा ठरवलं. मसुदा माझ्याकडे आला, कारण विभागात मराठी टिपणी आणि इंग्रजी प्रस्ताव दोन्ही लिहू शकणारी मी एकटीच. दिवाळीच्या सुट्टीत लिहिला. मी तीन गोष्टी मागितल्या होत्या. सहायक प्राध्यापकांची दोन पदं, आठ प्रशिक्षणार्थींना दरमहा विद्यावेतन, आणि तालुक्याच्या शिबिरांना जायला गाडीचा खर्च. सुट्टी संपल्यावर विभागप्रमुखांनी मसुदा परत दिला तेव्हा विद्यावेतनाच्या ओळीवर लाल रेघ होती. समासात लिहिलं होतं, "अन्नछत्र नको." त्याच्या जागी आलं काय, तर वातानुकूलित निरीक्षण कक्ष, त्यात एकतर्फी आरसा (एका बाजूने आरसा, दुसऱ्या बाजूने काच), शरीराचा ताण पडद्यावर दाखवणारं बायोफीडबॅकचं यंत्र आणि पुस्तकांची कपाटं.

सर माणूस म्हणून वाईट नव्हते. रुग्णांशी त्यांच्याइतकं हळू बोलणारा डॉक्टर मी पाहिला नाही. पण ते एमडी करताना त्यांना निवासी डॉक्टर म्हणून विद्यावेतन मिळालं होतं आणि त्यांना ते हवेसारखं वाटायचं, आहे म्हणून कधी दिसलं नाही असं. एकाच वॉर्डात, एकाच रुग्णाच्या खाटेपाशी उभ्या असलेल्या दोन शिकाऊ माणसांपैकी एकाला महिन्याला पगार मिळतो आणि दुसरी उलट फी भरते, यात विचित्र काय आहे हे मला त्यांना कधीच पटवून देता आलं नाही. "अहो मॅडम, ते डॉक्टर आहेत." झालं. चर्चा संपली.

पैसे आले. मार्चमध्ये आले, हे वेगळं सांगायला नको. बांधकामाचा हिस्सा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे वर्ग झाला, यंत्रखरेदीच्या नस्तीवर, म्हणजे फाइलवर, एका दिवसात सात सह्या झाल्या (एरवी एका सहीला सात दिवस लागतात) आणि पैसे खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत गेलं. सगळे खूश. कक्ष पुढच्या पावसाळ्याआधी तयार झाला. एकतर्फी आरसा कसा चालतो तुम्हाला ठाऊक असेल. बघणाऱ्यांच्या बाजूला अंधार लागतो. आमच्याकडे कंत्राटदाराने दोन्ही खोल्यांना सारख्या ट्यूबलाइट लावल्या आणि बटण एकच ठेवलं. पहिल्याच मुलाखतीत एका आजोबांनी काचेकडे बोट करून विचारलं, "त्या पोरी तिथं उभ्या का आहेत? त्यांना आत बसायला सांगा की."

त्या पोरींमध्ये एक होती, मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावची, वडिलांची पिठाची गिरणी. आमच्याकडे बौद्धिक चाचणीला मुलं यायची ती बहुतेक दिव्यांग प्रमाणपत्रासाठी, आणि चाचणी असायची बिने-कामत. ही चाचणी १९३४ ची, डॉ. कामतांनी धारवाडकडच्या मराठी आणि कन्नड मुलांवर बसवलेली. जुनी म्हणून तिला नावं ठेवा, पण आपल्या भाषेत जन्मलेली आहे. शहरातल्या मुली ती वाचून घ्यायच्या. ही मुलगी मात्र समोरच्या पोराच्या बोलीत विचारायची, आईशी बोलता बोलता जन्माच्या वेळचा इतिहास काढायची, आणि जिथे बाकीच्या "सहकार्य नाही" असं लिहून मोकळ्या व्हायच्या तिथे हिचा अहवाल पूर्ण असायचा. इतकी वर्षं शिकवल्यावर हात कोणाचा आहे ते कळतं. हिचा होता.

सातव्या महिन्यात ती गेली. वसतिगृह वैद्यकीयच्या विद्यार्थ्यांसाठी होतं, आमच्या क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एम.फिल.च्या मुलींना त्यात जागा नाही. बाहेरची खोली, मेस, फी. दिवसभर वॉर्ड, त्यामुळे शिकवण्या घ्यायच्या म्हटलं तर रात्रीच. अभ्यासक्रम पूर्णवेळ, दोन वर्षांचा, नोकरी करायला मनाई. मी सरांकडे गेले. आमच्या फीचा पैसा महाविद्यालयाच्या पीएलए खात्यात (संस्थेच्या स्वतःच्या हातातल्या खात्यात) पडून असायचा, त्यातून निदान मेसचे पैसे द्या म्हटलं. "लेखापरीक्षणात आक्षेप येईल." आला असता? कोण जाणे. विचारलंच नाही कुणी. ती पुढे बँकेची परीक्षा पास झाली. आता कर्जाचे अर्ज तपासते आणि चांगलं कमावते, मला त्याचा आनंद आहे, आणि तरीही तिचा फोन आला की मला दिवसभर सुचत नाही.

पदांचं त्याहून वाईट झालं. योजना शिक्षकांचा पगार ठरावीक काळच देते, त्यानंतर भार राज्याने उचलायचा, तसं हमीपत्र राज्याने द्यायचं. आमची नस्ती मंत्रालयात वित्त विभागाने काढलेल्या त्रुटींसाठी दोनदा परत आली. दरम्यान अकरा-अकरा महिन्यांच्या नेमणुका. दोघीही खाजगी रुग्णालयात गेल्या, मी असते तर मीही गेले असते. मग या अभ्यासक्रमाला मान्यता देणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेची तपासणी. त्यांनी आरसा पाहिला, छान म्हणाले, आणि शिक्षकसंख्या कमी म्हणून आमची प्रवेशक्षमता निम्म्यावर आणली. माणसांची संख्या वाढवायला आलेल्या पैशातून माणसं निम्मी झाली. निरीक्षण कक्षात आता उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवतात.

म्हणून माझं म्हणणं ऐका. कुलगुरू अनुकूल आहेत म्हणजे काय, ते विचारा. इमारतीला अनुकूल सगळेच असतात, फीत कापता येते. दोन मंजूर पदं विद्यापीठाच्या आस्थापनेवर देणार का, हे लेखी घ्या. नाही म्हणाले तर अभ्यासक्रम सुरूच करू नका. कडक वाटेल, पण अर्धवट सुरू झालेल्या अभ्यासक्रमात पोरांची वर्षं जातात.

सरकारकडे मागायचं असेल तर प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ चं कलम ३१ टाका. अधिनियम २९ मे २०१८ ला लागू झाला आणि लोकसंख्येच्या प्रमाणात मानसिक आरोग्याची माणसं उपलब्ध करण्यासाठी सरकारने दहा वर्षांत प्रयत्न करायचे, असं त्यात लिहिलंय. म्हणजे २०२८. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार आपल्याकडे लाखामागे ०.७५ मनोविकारतज्ज्ञ होते, हे त्याच्या शेजारी लिहा. भावना चाळवायला नव्हे. कायद्याचं कलम आलं की मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्याला टिपणीत त्यावर काहीतरी लिहावंच लागतं, नस्ती नुसती बाजूला सारता येत नाही.

विद्यावेतनासाठी कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठी बाजूला काढलेला पैसा, हा मला दिसणारा एकमेव खरा रस्ता. विद्यापीठ कायद्याने स्थापन झालेलं असल्याने पात्रतेची अडचण येऊ नये, सीएसआर-१ या अर्जाने होणारी नोंदणी तेवढी करून घ्या. कंपनीचे लोक येतील आणि संगणक कक्ष, कोनशिला, फोटो मागतील. देऊ नका. चालू प्रकल्प सुरू झाल्याच्या वर्षानंतर आणखी तीन वर्षं चालवायला नियम परवानगी देतात, त्यात दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या दोन तुकड्या आरामात बसतात. "दोन तुकड्यांचं पूर्ण विद्यावेतन" हा एकच मुद्दा घेऊन जा. फोटो हवाच असेल तर त्या मुलींचा काढा.

माझी भाची अमेरिकेत सोशल वर्क शिकते. तिथे एचआरएसए नावाचं केंद्र सरकारचं खातं याच कामासाठी विद्यापीठांना अनुदान देतं आणि त्यात प्रशिक्षणार्थींचं विद्यावेतन धरलेलं असतं, कारण फुकट राबणारी माणसं टिकत नाहीत हे त्यांनी गृहीतच धरलंय. भाचीला त्यातला एक डॉलर मिळत नाही. नागरिक किंवा ग्रीनकार्डवाल्यांनाच मिळतो. तरी मी ते अनुदानाचं पत्रक छापून सरांना पाठवलं होतं. निवृत्तीनंतर. हो, मी तशी आहे.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. एक, तुम्ही प्रश्नात एम.फिल. म्हणताय. यूजीसीने एम.फिल. बंद केलं, क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिॲट्रिक सोशल वर्कला जानेवारी २०२४ मध्ये २०२५-२६ च्या सत्रापर्यंत मुभा दिली. त्यामुळे नवा प्रस्ताव त्या नावाने करू नका, पुनर्वास परिषदेचं ताजं परिपत्रक बघून नाव ठरवा. दोन, तुम्हाला समुपदेशक घडवायचे असतील तर घर वेगळं आहे. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात वर्तन-आरोग्याचा गट आहे, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मात्र पुनर्वास परिषदेकडेच. दोन्ही एकाच प्रस्तावात कालवलंत तर दोघेही परत पाठवतील. आणि दूरस्थ पद्धतीने सुरू करून फी गोळा करू असा कुणी सल्ला दिला तर यूजीसीने २०२५ मध्ये मानसशास्त्राला ते दार बंद केलंय. तीन, बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आणि नेट-जेआरएफचे महिना ३७,००० हे संशोधन करणाऱ्यांचे पैसे. विद्यार्थ्यांना प्रवेशाच्या वेळी "जेआरएफ मिळेल" असं सांगू नका. आमच्याकडे सांगायचे. बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या केंद्रीय संस्थेत विद्यावेतन मिळतं, त्यावरून आपल्याकडेही मिळेल असं मुलं धरून चालतात.

आणि चौथी, जी लिहावी की नाही याचा विचार करत मी दोनदा चहा केला. 'ब' योजनेत विद्यावेतनाचं शीर्षच नव्हतं. बांधकाम, उपकरणं, ग्रंथालय, शिक्षक, इतकंच. म्हणजे सरांनी रेघ मारली नसती तरी दिल्लीत कुणीतरी मारली असती, आणि मला ते तेव्हाही माहीत होतं. मी ती ओळ मुद्दाम लिहिली होती, दिल्लीने खोडावी म्हणून, म्हणजे खोडल्याचं कागदावर राहिलं असतं आणि तो कागद घेऊन राज्याकडे जाता आलं असतं. सरांनी ती आमच्याच टेबलावर खोडली.

तुमचा मसुदा झाला की अंदाजपत्रकाचं पान इथे टाका. बाकीचा प्रस्ताव नको.