ॲपमध्ये अजून एक सोय टाकण्याआधी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली यादी वाचली. सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याचा मोंढ्यातला, म्हणजे शेतमालाच्या बाजारातला, रोजचा भाव दाखवणारं तुझं ॲप आता चार तालुक्यांतले शेतकरी बघतात, आणि तुला त्यात सतरा नव्या गोष्टी घालायच्या आहेत: हवामान, फवारणीचा सल्ला, आपसातल्या गप्पा, भाड्याने ट्रॅक्टर, भावाचा आलेख, बातम्या, ओलाव्याची आकडेमोड आणि बाकीचं. यातली एकही गोष्ट वाईट नाही. म्हणूनच हा मोह आवरायला अवघड जातो. वाईट सूचनेला नाही म्हणायला कुणाचा सल्ला लागत नाही.

आधी ॲपचं काम एका प्रश्नात लिहून काढ. माझ्या मते तो प्रश्न असा: आज माल न्यावा की थांबावं? मळणी झालेली असते, ओसरीवर कट्टे लागलेले असतात, टेम्पोवाला सकाळीच फोन करून 'येऊ का' विचारतो. शेतकऱ्याच्या हातात तेव्हा फार तर मिनिटभर असतं. त्या मिनिटात सर्वसाधारण दर (बहुतेक मालाला मिळालेला), आवक आणि तो दर कोणत्या दिवशीचा, एवढं कळलं की तुझं काम झालं.

तुला वाटतंय की भाव दाखवण्याचं काम पुरं झालं, आता पुढचं काहीतरी हाती घ्यावं. ते पुरं झालेलं नाही. मोंढ्यातून आकडे टाकणारा माणूस गर्दीत, उभ्याउभ्या टाकतो. ४,४५० च्या जागी ४४५ पडतं, नाहीतर किमान आणि कमाल दरांची अदलाबदल होते. किमान दर सर्वसाधारण दरापेक्षा जास्त दिसला तर ॲपने तो घ्यायचाच नाही. कालच्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर पुन्हा विचारायचं, आणि तरीही त्याने 'बरोबर आहे' म्हटलं तर दुसऱ्या कुणी फोनवर खात्री केल्याशिवाय तो आकडा लोकांसमोर जाऊ द्यायचा नाही. सर्वसाधारण दर मोठ्या अक्षरात हवा, कमाल दर लहान. कमाल दर निवडक मालाला मिळतो. तो ठळक दिसला की डागी माल घेऊन निघालेला माणूसही तोच धरून बसतो आणि पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, हातात पडल्यावर तुझ्या ॲपला खोटं ठरवतो.

दर न येण्याची कारणंही वेगवेगळी असतात. अमावास्येला किंवा सणाला बाजार बंद असणं वेगळं, सौदा, म्हणजे त्या दिवसाचा लिलाव, अजून निघालेला नसणं वेगळं, आणि आपल्या माणसाने आकडाच न टाकणं वेगळं. आज तुझं ॲप तिन्ही वेळी कालचा दर दाखवतं, आणि तारीख खाली करड्या, बारीक अक्षरात असते. तो दर आजचा समजून कुणी वीस क्विंटल भरून नेलं आणि भाव दीडशेने उतरलेला निघाला, तर तीन हजारांचा फटका बसला, टेम्पोचं भाडं वेगळंच. या तीन अवस्थांना तीन स्वच्छ वाक्यं लिही. हे काम केल्याचं कुणी कौतुक करणार नाही, नव्या बटणाचं मात्र चार लोक कौतुक करतील. तुझा मोह तिथूनच येतो, हे ओळखून ठेव.

आता किमतीचं बघू. एखादी सोय लिहायला किती दिवस लागले यावरून ती स्वस्त की महाग ते ठरत नाही. ती रोज सांभाळायला कोण लागतं, त्यावरून ठरतं. तुझ्या यादीतली ओलाव्याची आकडेमोड घे. १० क्विंटल सोयाबीन आहे, ओलावा १६ टक्के. वाळवून १२ टक्क्यांवर आणलं तर किती भरेल? कोरडा भाग तेवढाच राहतो, म्हणून १० ला ८४ ने गुणायचं आणि ८८ ने भागायचं. उत्तर ९.५४५ क्विंटल, म्हणजे साधारण ४५ किलो पाणी उडालं. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा एरवी १२ टक्के असते (२०२४ च्या खरिपातल्या मालासाठी केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती), त्यामुळे वाळवावं की आहे तसं विकावं हा खराखुरा प्रश्न आहे आणि तो तुझ्या मूळ प्रश्नाला चिकटूनच येतो. ही सोय एकदा लिहिली की तिला इंटरनेट लागत नाही, सर्व्हर लागत नाही, रोज कुणी काही भरावं लागत नाही. हिशोब पुढच्या वर्षीही हाच राहणार. ही जरूर घाल. मात्र व्यापारी ओलाव्यापोटी किती कटती (कपात) करेल ते तिच्यात सांगायला जाऊ नकोस. तो हिशोब आडतीगणिक बदलतो, आणि तुझा आकडा दाखवून काट्यावर भांडण लागेल.

हमीभावाचंही तसंच. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ ला ४,८९२ रुपये होता, २०२५-२६ ला ५,३२८ झाला. वर्षातून एकदा बदलायचा आकडा आहे, बाजारभावाच्या खाली एका ओळीत बसतो, आणि त्याने शेतकऱ्याला लगेच अंदाज येतो.

याच्या शेजारी आता गप्पांचा विभाग ठेवून बघ. लिहायला पंधरा दिवस पुरतील. त्यानंतर रात्री अकराला कुणीतरी बोगस बियाण्याची जाहिरात टाकेल, कुणी एखाद्या आडत्याचं नाव घेऊन शिव्या देईल, निवडणूक आली की पक्षांचे बॅनर येतील. ते काढायला माणूस हवा, रोज हवा, लक्ष्मीपूजनाच्या दिवशीही हवा. लिहिणारा कोण ते कळण्यासाठी मोबाइल क्रमांक घ्यावा लागेल, म्हणजे ओटीपी आला. ओटीपीच्या एसएमएससाठी ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे डीएलटी या नोंदणी-व्यवस्थेवर संस्थेचं नाव आणि मजकुराचा साचा नोंदवावा लागतो, आणि साच्यातला मजकूर बदलायचा झाला की पुन्हा मंजुरी घ्यावी लागते. क्रमांक साठवले की २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची जबाबदारी अंगावर आली. फोटो टाकू दिलेस तर मोबाइलच्या कॅमेऱ्याचा एकेक फोटो दोन-चार एमबीचा. तुझ्या दहा बाजारांचे, तीन पिकांचे दिवसाचे सगळे आकडे मिळून जेमतेम दोन-तीन केबी भरतात. एवढं करून लोक बोलायला व्हॉट्सॲपवरच जातील, कारण गाव आधीपासून तिथेच बसलेलं आहे. आज तुझा भाव बघायला क्रमांक लागत नाही, नाव लागत नाही. ही तुझ्या ॲपची फार मोठी सोय आहे, आणि ती तुझ्या यादीत कुठेच लिहिलेली नाही.

फवारणीच्या सल्ल्याला सरळ नाही म्हण. भाव चुकला तर पैसे जातात. औषधाचं प्रमाण चुकलं तर पीक जळतं, फवारणाऱ्याच्या जिवावर बेततं. हवामानाचं काम परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ करतं. तिथून दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानावर आधारित कृषी सल्ला निघतो. तिकडे नेणारी एक ओळ दे, स्वतःचा अंदाज मांडू नकोस. बातम्या आणि जाहिरातींवर शाई खर्चत नाही.

तुझं ॲप ज्या फोनवर चालतं तो फोन डोळ्यासमोर ठेव. दोन-तीन जीबी रॅम, साठवण भरलेली, निम्मी जागा शुभ सकाळच्या चित्रांनी आणि व्हिडिओंनी खाल्लेली. 'जागा कमी आहे' असा निरोप आला की घरातला मुलगा सेटिंगमध्ये जाऊन सगळ्यात जड आणि कमी वापरलेलं ॲप काढून टाकतो. म्हणून दहा एमबीच्या आत राहा. नकाशा, व्हिडिओ, गप्पा यांतली प्रत्येक सोय आपली लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, घेऊन येते आणि तुझ्या दहा ओळींमागे कित्येक एमबी चढतात. त्या प्रत्येक लायब्ररीची देखभाल तुझ्याकडे येते: प्ले स्टोअर दरवर्षी ॲपला नव्या अँड्रॉइडच्या पातळीवर आणायला लावतं, आणि त्या वेळी एक जुनी लायब्ररी अडली की नवी आवृत्ती तिच्यापायी रखडते. मराठी फाँटही सोबत देऊ नकोस, फोनमध्ये देवनागरी असते.

परवानग्यांचंही असंच आहे. ट्रॅक्टरसाठी ठिकाण, गप्पांसाठी कॅमेरा आणि माइक, असं एकामागून एक विचारत गेलीस की माणूस घाबरून सगळ्यालाच नको म्हणतो. अँड्रॉइड १३ पासून, म्हणजे २०२२ पासून, सूचना पाठवायचीही परवानगी मागावी लागते, आणि कोणतीही परवानगी दोनदा नाकारली की फोन तो प्रश्न पुन्हा दाखवतच नाही. म्हणून भावाच्या सूचनेची परवानगी ॲप उघडल्याबरोबर मागू नकोस. माणसाने आपला बाजार आणि पीक निवडलं की 'सौदा निघाल्यावर कळवू का?' असं आधी मराठीत विचार, हो म्हटल्यावरच फोनचा प्रश्न समोर आण. दिवसाला सूचना एकच. योजना, बातम्या, शुभेच्छा त्याच वाटेने पाठवल्यास तर लोक आवाज बंद करतील, आणि मग भावही कळणार नाही.

पडद्यावरची जागा तर त्याहून अपुरी. वाचायचा चष्मा घरी राहिलेला माणूस फोनमध्ये अक्षर मोठं करून ठेवतो. त्या आकारात तुझं ॲप उघडून बघ: वरच्या दोन बटणांनीच अर्धा पडदा खाल्लेला दिसेल आणि भाव बोटाने सरकवल्याशिवाय दिसणार नाही. जमल्यास मोंढ्यात जाऊन कुणाच्या तरी हातात फोन दे, काही न सांगता बघत राहा. त्याचं बोट कुठे अडतं ते तुला लगेच कळेल.

लोक मागण्या घेऊन येतील तेव्हा त्यांना झटकू नकोस. विचार, की हे मिळालं तर तुम्ही काय कराल? आलेख मागणाऱ्याला बहुतेक वेळा आलेख नको असतो, आठवड्यात भाव चढला की उतरला एवढंच हवं असतं. ते 'मागच्या सोमवारपेक्षा ६० रुपये जास्त' या एका ओळीत भागतं. एक वही ठेव. तारीख, गाव, कोणता फोन, आणि आज हे काम तो कसं भागवतो, एवढं लिहून घे आणि महिनाभर हात लावू नकोस. वेगवेगळ्या गावांतल्या तिघांनी आपणहून तेच मागितलं, तर पंधरा दिवस ते काम हाताने करून बघ. ट्रॅक्टर भाड्याचंच बघायचं तर मागणाऱ्याची आणि ट्रॅक्टरवाल्याची गाठ फोनवर घालून दे. पेरणीच्या दिवसांत सगळ्यांना एकाच वापशाला ट्रॅक्टर हवा असतो आणि तेव्हा एकही मोकळा नसतो, हे कोड न लिहिताच कळेल.

हाताने करून टिकलं तरच लिही, आणि आधी वीस जणांनाच दे. पहिल्यांदा किती जणांनी उघडलं ते मोजू नकोस, नवं बटण सगळेच दाबतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा कोण आलं ते मोज. सर्वांना खूश ठेवायला प्रत्येक सोयीला चालू-बंदचा पर्याय देण्याची युक्तीही टाळ. प्रत्येक पर्यायाने तपासायच्या जोड्या दुप्पट होतात: तीन पर्यायांच्या आठ, सहांच्या चौसष्ट, दहांच्या एक हजार चोवीस. तू आणि तुझी मैत्रीण मिळून हे तपासू शकत नाही, आणि न तपासलेली जोडी नेमकी गर्दीच्या दिवशी फुटते.

आधीच घातलेल्या ज्या सोयी कुणी वापरत नाही, त्या काढ. पंधरा दिवस आधी त्याच पडद्यावर लिही, काय बंद होणार आणि त्याऐवजी काय करता येईल. कुणाचा फोन आला तर नीट ऐकून घे; त्यातूनच कळेल की ती सोय कुणाच्या कामाची होती. मग बटण लपवून थांबू नकोस, कोडही काढून टाक. लपवलेलं कोड पुढच्या बदलात मोडतंच, आणि तेव्हा ते कशासाठी होतं ते कुणाला आठवत नाही.

वर्षाचं वेळापत्रक पिकाप्रमाणे लाव. सप्टेंबरच्या मध्यापासून दिवाळी संपेपर्यंत नवं काही नाही, फक्त बिघाड दुरुस्ती. सोयाबीनची आवक तेव्हाच उसळते आणि तेव्हाच ॲप पडून चालत नाही. जानेवारीपासून तूर, मागोमाग हरभरा. नवं करून बघायला एप्रिल सरल्यापासून पेरणीपर्यंतचे दिवस बरे.

या सप्टेंबरच्या आत एक काम मात्र करच. आकडे टाकणारा तुझा माणूस प्रत्येक मोंढ्यात एकटाच आहे. त्याला ताप आला तर त्या बाजाराचा भाव त्या दिवशी येणारच नाही. प्रत्येक मोंढ्यात दुसरा माणूस शोध, त्याला दर शनिवारी आकडे टाकू दे म्हणजे सवय राहील, आणि त्याला मानधन दे. सतरा सोयींसाठी जे पैसे बाजूला काढले आहेस, त्यातूनच दे.

तुझा,
काका