फोटोशॉपमध्ये रंगीत फोटो ब्लॅक अँड व्हाइट केला की सपाट, राखाडी का दिसतो?

बहुधा तुम्ही 'डीसॅच्युरेट' वापरताय. ती कमांड प्रत्येक पिक्सेलमधल्या (फोटोतल्या ठिपक्यातल्या) लाल, हिरवा, निळा या तीन रंग-आकड्यांपैकी सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान घेऊन त्यांची सरासरी काढते. त्यामुळे शुद्ध लाल, शुद्ध हिरवा, शुद्ध निळा, तिघांचाही एकच करडा होतो. हिरव्या पानांतलं लाल फूल मग गायबच!

त्याऐवजी 'ब्लॅक अँड व्हाइट' ॲडजस्टमेंट लेयर (फोटोच्या वर बसणारा, बदल करणारा वेगळा थर) लावा. मूळ रंग खाली शाबूत राहतात आणि सहा रंगांचे वेगवेगळे स्लायडर मिळतात. त्या पॅनलमधलं हाताचं चिन्ह निवडून फोटोवरच आडवं ओढलं, तर तिथल्या रंगाचा स्लायडर आपोआप हलतो. मला हीच पद्धत सोयीची वाटते. आकाश गडद हवं तर निळा खाली घ्या. चेहऱ्यासाठी लाल आणि पिवळा थोडे वर: त्वचा उजळते, डाग कमी दिसतात. पण लाल फार वाढवलात तर ओठही त्वचेत मिसळून जातात.

निळा अगदी तळाला नेऊ नका. आकाशात दाणे आणि पट्टे उठतात, झाडांच्या कडेला पांढरी रेघ येते. ८ बिटच्या (मोजक्या छटांच्या) जेपेगमध्ये हे लवकर होतं, कारण त्यात रंगाची माहिती आधीच दाबलेली असते. रॉ फाइल (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) असेल तर १६ बिटमध्ये, म्हणजे जास्त छटांत, उघडा.

शेवटी वर कर्व्हज लेयर (उजेड बदलणारी रेघ असलेला थर) टाकून त्या रेघेला हलका एस-आकार द्या, म्हणजे गडद भाग आणखी गडद आणि उजळ भाग आणखी उजळ होतात. जिंप या मोफत फोटो-संपादन प्रोग्राममध्ये ब्लॅक अँड व्हाइटच्या कामाला 'मोनो मिक्सर' आहे. तिथे लाल, हिरवा, निळा या तिन्हींच्या आकड्यांची बेरीज १ च्या आसपास ठेवा, नाहीतर उजेड बिघडतो.