व्हिनेगरने भूक मरते का आणि वजन खरंच उतरतं का?

तुम्ही विचारलंय की ऑफिसमधल्या मैत्रिणीने रोज सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यातून दोन चमचे ॲपल सायडर व्हिनेगर घ्यायला सांगितलंय, त्याने भूक मरते आणि महिन्यात चार-पाच किलो उतरतात म्हणे, तर हे कितपत खरं. भूक थोडीफार कमी होऊ शकते, पण का होते ते वाचून तुम्हाला हसू येईल. आणि ते चार-पाच किलो विसरा.

माझं मेडिकल आहे. नवीन वर्ष लागलं की आणि लग्नसराईच्या आधी या बाटल्या धडाधड खपतात, तेव्हा हे लिहिणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं आहे, पण काउंटरवर गर्दीत एवढं सविस्तर बोलता येत नाही म्हणून इथे लिहितो.

ज्या अभ्यासाचा सगळीकडे दाखला देतात तो जपानचा, २००९ सालचा. थोडं वजन जास्त असलेली दीडशेच्या वर माणसं घेतली, १२ आठवडे एका गटाला रोज १५ मिली व्हिनेगर, दुसऱ्याला ३० मिली, आणि तिसऱ्याला व्हिनेगर नसलेलं पण तसंच आंबट पेय. १५ मिलीवाल्यांचं वजन साधारण सव्वा किलोने उतरलं, ३० मिलीवाल्यांचं दोन किलोच्या जरा आत, आणि तिसऱ्या गटाचं किंचित वाढलं. म्हणजे फरक पडला, नाही असं नाही. पण तीन महिन्यांत दीड-दोन किलो, आणि पेय बंद केल्यावर चार आठवड्यांत वजन परत होतं तिथे. शिवाय हा अभ्यास करणारे लोक व्हिनेगर बनवणाऱ्या कंपनीच्याच संशोधन विभागातले होते, म्हणून तो खोटा ठरत नाही, पण वाचताना ते डोक्यात असावं. आता हिशोब करा, एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी, तर १२ आठवड्यांत दीड किलो म्हणजे दिवसाला साधारण १४० कॅलरी. तेल लावलेली एक मोठी पोळी. एवढ्यासाठी रोज सकाळी तोंड वाकडं करायचं का हे तुम्ही ठरवा.

मग तुम्ही म्हणाल की लेबनॉनमध्ये तर सहा-आठ किलो उतरले होते. हो, ती बातमी २०२४ च्या मार्चमध्ये सगळ्या ग्रुपवर फिरली होती. १२० तरुण मुलंमुली, रोज ५ ते १५ मिली, १२ आठवड्यांत सहा ते आठ किलो खाली. मला तेव्हाच खटकलं होतं, कारण जपानमध्ये दुप्पट डोस देऊन दोन किलो आणि इथे चमचाभर घेऊन एवढं कसं काय, तेही खाण्यापिण्यात काही खास न बदलता. पुढे आकडेतज्ज्ञांनी मूळ डेटा तपासला, त्यांना ते निकाल पुन्हा काढता आले नाहीत, डेटामध्ये गडबडी दिसल्या, आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तो छापणाऱ्या बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय प्रकाशन समूहाने तो पेपर मागे घेतला. मागे घेतल्याची बातमी मात्र कुणी फॉरवर्ड केली नाही, तुमच्या मैत्रिणीपर्यंत पण पोचली नसणार.

आता भुकेचं. ब्रिटनमध्ये काही संशोधकांनी छान डोकं लढवलं, त्यांनी माणसांना नाश्त्याबरोबर व्हिनेगरचं पेय दिलं, एक जरा चवीला बरं लागेल असं आणि एक अगदी घशाखाली न उतरणारं. भूक कमी झाली, पण जे पेय जास्त घाण त्याने जास्त कमी झाली, आणि त्याच लोकांना मळमळ पण जास्त होत होती. म्हणजे भूक मेली ती बरीचशी पोटात ढवळत होतं म्हणून! त्या संशोधकांनीच लिहून ठेवलंय की भूक मारायला म्हणून हे सुचवण्यात अर्थ नाही. मळमळत असताना कुणालाही जेवण जात नाही, त्यासाठी बाटली विकत घ्यायची गरज नाही.

पण सगळंच थोतांड आहे असंही मी म्हणणार नाही. व्हिनेगरमधलं ॲसिटिक ॲसिड पोट रिकामं व्हायचा वेग कमी करतं, अन्न हळूहळू पुढे सरकतं, त्यामुळे भात-पाव असल्या पिष्टमय जेवणानंतर साखर जी एकदम उसळते ती जरा दबते. स्वीडनमध्ये २००५ साली पांढऱ्या ब्रेडबरोबर व्हिनेगर देऊन बघितलं तर साखर आणि इन्सुलिन कमी चढलं आणि लोकांना पोट भरल्यासारखंही जास्त वाटलं. अमेरिकेत ॲरिझोनाच्या विद्यापीठात पण असेच निकाल आले. हे अभ्यास छोटे आहेत, दहा-बारा-वीस माणसांचे, पण रोख एकाच दिशेचा आहे. आणि यातली गंमत लक्षात घ्या, हा परिणाम जेवणाबरोबर घेतलं तर होतो. सकाळी उपाशीपोटी घेऊन तासाभराने नुसता चहा पिणार असाल तर ते ॲसिड नक्की कशाला अडवणार? पोटात काही आहेच कुठे. हे उपाशीपोटीचं खूळ कुणी काढलं देव जाणे.

उपाशीपोटी घेणाऱ्यांचं पुढे काय होतं ते मी काउंटरवरून बघतो. या महिन्यात व्हिनेगर, पुढच्या महिन्यात तेच गिऱ्हाईक ॲसिडिटीचं गुलाबी औषध मागायला. मी विचारतो, व्हिनेगर चालू आहे का अजून, तर म्हणतात हो मग, ते कसं सोडणार. आधीच ज्यांना जळजळ आहे, रोज पॅन्टोप्राझोल ही ॲसिड कमी करणारी गोळी खातात, त्यांनी तर याच्या नादी लागूच नये. दातांचं पण तेच, साध्या व्हिनेगरचा पीएच अडीच-तीनच्या आसपास असतो, म्हणजे चांगलंच आम्लधर्मी, नेदरलँड्समध्ये एका १५ वर्षांच्या मुलीने वजनासाठी रोज ग्लासभर ॲपल सायडर व्हिनेगर पिऊन दातांचं आवरण झिजवून घेतल्याची नोंद आहे. घेतलंच तर भरपूर पाण्यातून, नंतर साध्या पाण्याने चूळ भरायची, आणि लगेच ब्रश करायचा नाही, ॲसिडने मऊ पडलेलं आवरण ब्रशने अजून निघतं.

खरी काळजी मला गोळ्यांची वाटते, हा भाग नीट वाचा. तुम्हाला किंवा घरात कुणाला डायबेटिस असेल आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर साखर नको तेवढी खाली जाऊ शकते. आणि ज्यांची साखर खूप जुनी आहे त्यांच्यातल्या काहींचं पोट मुळातच सुस्त झालेलं असतं, अशा टाइप १ च्या पेशंटना स्वीडनमध्ये ३० मिली देऊन बघितलं तर पोट अजूनच हळू रिकामं झालं, म्हणजे इन्सुलिन टोचलंय आणि जेवण पोटातच बसलंय असा प्रकार. बीपीसाठी किंवा पायाच्या सुजेसाठी लघवी वाढवणारी गोळी असेल, फ्युरोसेमाइड वगैरे, किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन, तर रक्तातलं पोटॅशियम खाली जाण्याचा प्रश्न येतो. ऑस्ट्रियात एक २८ वर्षांची बाई सहा वर्षं रोज २५० मिली पीत होती, पोटॅशियम घसरलेलं आणि हाडं त्या वयात ठिसूळ झालेली. पाव लिटर रोज कुणी पीत नाही हे मान्य, पण 'नॅचरल आहे, काय होतंय' म्हणत चमच्याचा अर्धा कप झालेले लोक मला माहीत आहेत. तेव्हा गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, मैत्रिणीला नाही.

बाटलीत तळाला गढूळ जाळं दिसतं ना, 'मदर' म्हणतात त्याला, त्यामुळेच ती बाटली महाग. ते म्हणजे व्हिनेगर बनवणारे जिवाणू आणि त्यांचं सेल्युलोज, त्याने वजन जास्त उतरतं याला काही आधार नाही. साखर दाबायचं जे काय काम आहे ते ॲसिटिक ॲसिड करतं, आणि ते सगळ्या व्हिनेगरमध्ये साधारण ५ टक्क्यांच्या आसपास असतंच. किराणा दुकानातलं स्वस्त पांढरं मात्र बघून घ्या, बऱ्याचदा ते ॲसिटिक ॲसिडात पाणी घालून केलेलं असतं आणि लेबलवर बारीक अक्षरात 'सिंथेटिक' लिहिलेलं असतं. लोणच्याला चालतं, पण घ्यायचंच तर आंबवून केलेलं घ्या.

गमी, म्हणजे व्हिनेगरच्या चघळायच्या गोड गोळ्या, त्या तर घेऊच नका. व्हिनेगरच्या एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलीत, साधारण ७५० मिलीग्रॅम ॲसिटिक ॲसिड असतं. गमीच्या डब्यावर मोठ्ठं '५०० मिलीग्रॅम ॲपल सायडर व्हिनेगर' लिहिलेलं असतं, ते व्हिनेगरच्या पावडरीचं वजन, त्यात ॲसिड किती ते बऱ्याच डब्यांवर लिहिलेलंच नसतं. आणि घटकांची यादी वाचलीत तर पहिल्या एक-दोन नावांत साखर! वजन कमी करायला गोळी आणि गोळीत साखर, विकताना मलाच कसंतरी होतं.

तरी तुम्हाला करूनच बघायचं असेल तर माझ्या घरी करतो तसं करा. दुपारच्या जेवणाला कांदा-काकडी चिरून त्यावर दोन छोटे चमचे व्हिनेगर, मीठ, मिरपूड, पाच-दहा मिनिटं मुरू द्यायचं आणि भाताच्या आधी ते खायचं. गोव्यात माडाच्या ताडीचं व्हिनेगर विंदालूत घालतात ते पण चालेल, फक्त विंदालूबरोबर पाव किती खाताय ते मोजा. यात व्हिनेगर जेवणाबरोबर जातं, दातांना आणि घशाला थेट लागत नाही, आणि वाटीभर काकडी पोटात जाते. माझा अंदाज विचाराल तर भात कमी जातो तो त्या काकडीमुळेच जास्त.