दाखल्यावरचे माझे नाव

प्रिय बाळा,

आजीच्या ट्रंकेत माझा शाळा सोडल्याचा दाखला सापडला, त्यावर माझ्या नावापुढे आबांचे नाव दिसले आणि तू फोनवर विचारलेस, “आई, तुझ्या पासपोर्टवर तर बाबांचे नाव आहे, मग तुझे खरे नाव कोणते?” हे घाईत सांगण्याजोगे नव्हते, म्हणून कोपनहेगनहून हे पत्र लिहीत आहे.

आपले शेजारी येन्सनकाका आठव. येन्सन म्हणजे येन्सचा मुलगा; येन्स हे योहानेसचे डॅनिश रूप असून त्याचे हिब्रू मूळ ‘देवाने कृपा केली’ अशा अर्थाचे आहे. पूर्वी येन्सचा मुलगा पेडर येन्सन, तर त्या पेडरची मुले पेडरसन, असे दर पिढीला नाव बदलत असे. 1828 मध्ये बाप्तिस्म्याच्या वेळीच मुलाला कुलनाम द्यावे अशी राजाज्ञा निघाली आणि त्यानंतर हळूहळू कुठल्या तरी एका पिढीतल्या बापाचे नाव साऱ्या घराण्याला कायमचे चिकटले. म्हणूनच काकांच्या वडिलांचे नाव येन्स नाही. आइसलँडमध्ये मात्र योनच्या मुलीने योन्सदोत्तिर म्हणवून घेण्याची रीत आजही चालू आहे.

आपल्याकडे आडनाव बहुधा गावावरून किंवा हुद्द्यावरून आले, जसे इचलकरंजीकर किंवा आपले पाटील. वडिलांचे नाव मात्र मधल्या जागी राहिले आणि ते दर पिढीला बदलते. दसरा चौकात ज्यांचा पुतळा तू पाहिलास ते शाहू महाराज जन्माने कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव. 1884 मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि भोसले झाले.

मुलींचे मधले नाव मात्र लग्नात बदलते. आमच्या लग्नात ताटातल्या तांदळांवर बाबांनी अंगठीने माझे पहिलेच नाव लिहिले, कारण ते बदलू नये असे मी आधीच सांगितले होते. आबांचे नाव मात्र कागदोपत्री निघून गेले, आणि ते मला आजही खुपते. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचे, मग वडिलांचे नाव लिहिले जाते, याचा मला फार आनंद आहे.

माझी दोन्ही नावे खरी आहेत, बाळा. त्या दाखल्याची घडी फाटत आली असेल, तर आजीकडून तो प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून घे. आणि आबांच्या नावाची ती निळ्या शाईची ओळ जवळून टिपून मला फोटो पाठव.

तुझी,
आई